पोचिंकी, पुलगाव आणि पऱ्हाटी

वीकेंडला गेम खेळणाऱ्या माणसाकडे दोन याद्या असतात. एक खेळून झालेल्या गेम्सची आणि दुसरी आपण स्वतः कधीतरी बनवणार आहोत त्या गेम्सची. पहिली यादी हळूहळू वाढते, कारण तिला पैसे पडतात. दुसरी फुकट असल्यामुळे भराभर वाढते. आयटीतला प्रत्येक गेमर रात्री एकच्या सुमारास "यार, आपण एक जबरी गेम काढू" असं एकदा तरी म्हणतोच, आणि सोमवारच्या स्टँड-अपला त्याच गेमचं नाव काढलं की तोच माणूस लॅपटॉपमध्ये डोकं घालतो.

तर आज दोन्ही याद्या देणार आहे. पण नुसत्या याद्या देऊन थांबायचं नाहीये. गेल्या वर्षभरात जे खेळलो त्यातून माझं एक मत पक्कं झालंय आणि ते आमच्या मित्रमंडळात फारसं कोणाला पटत नाही. आपल्याकडे गेम बनवायचा म्हटलं की सगळ्यात आधी नकाशा सुचतो. किती मोठं जग, किती गड, किती घोडे, किती फौज. नियम सगळ्यात शेवटी सुचतो. आणि गेम म्हणजे तर मुळात नियमच असतो, बाकी सगळी सजावट!

याला ताजं कारण घडलं ते 'ब्लॅक मिथ: वुकाँग'चं. चीनमधल्या गेम सायन्स या कंपनीने आपल्या जुन्या कादंबरीतल्या वानरराजाला घेऊन हा गेम काढला. २० ऑगस्ट २०२४ ला तो आला आणि पहिल्या तीन दिवसांत एक कोटीवर प्रती खपल्या. गेम आहेच अफलातून, त्यात वाद नाही. पण तेव्हापासून ज्याला भेटावं तो एकच वाक्य बोलतो: "त्यांचं माकड चालतं, मग आपला हनुमान का नाही? आपले महाराज का नाहीत?"

प्रश्न चुकीचा नाही. फक्त त्याचं गणित कोणी मांडत नाही. आपण इंजिनिअर लोक आहोत, मांडून बघू. समजा साठ माणसं, चार वर्षं, आणि प्रत्येकामागे महिन्याला सरासरी एक लाख खर्च (यात पगार, जागा, मशिन, सगळं धरलं, म्हणजे फार कंजूषपणे धरलं). साठ गुणिले अठ्ठेचाळीस. झाले अठ्ठावीस कोटी ऐंशी लाख. वुकाँगच्या जवळपास जायचं तर साठ माणसं पुरणारही नाहीत. आता आमची बाजू. आम्ही तिघं आहोत. मी, चित्रं काढणारा एक मित्र आणि डेटाबेसशी भांडण्यात आयुष्य घालवणारी एक मैत्रीण. वीकेंडला प्रत्येकी सहा तास, वर्षातले पंचेचाळीस वीकेंड (बाकीचे लग्नं, दिवाळी आणि प्रॉडक्शन सपोर्टला गेले). एकूण ८१० तास. म्हणजे एका पूर्णवेळ माणसाचे जेमतेम पाच महिने. पाच महिन्यांत एक माणूस रायगड बांधू शकत नाही. रायगडाचा एक दरवाजा बांधेल, तोही उघडणार नाही.

म्हणजे स्वप्न सोडून द्यायचं का? अजिबात नाही. पण महत्त्वाकांक्षा नक्की कशात ठेवायची हे ठरवायला हवं. त्यासाठी आधी पहिली यादी.

'राजी: ॲन एन्शंट एपिक'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० साली आलेला. भावाला राक्षसांनी पळवून नेलंय आणि डोंबाऱ्याच्या खेळात तरबेज असलेली राजी नावाची पोर त्याला शोधायला निघते. राजस्थानी वाडे, पहाडी लघुचित्रांसारखी रंगसंगती, मधेमधे कठपुतळ्यांच्या सावल्यांमधून सांगितलेल्या गोष्टी. दिसायला इतका देखणा गेम आपल्या देशात क्वचितच झाला असेल. २०१७ मध्ये या लोकांनी किकस्टार्टरवर पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरी ते थांबले नाहीत. याबद्दल त्यांना कडक सलाम. पण गेम म्हणून विचाराल तर त्यातली मारामारी मी याआधी दहा ठिकाणी केलेली आहे. देवता आपल्या, भिंती आपल्या, पण हाताला लागणारा नियम बाहेरचाच. शिवाय पुण्यात जन्मलेली ही पोर आधी इंग्रजीत बोलली, मग २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदीत.

'बलाट्रो', २०२४. कॅनडातल्या एका माणसाने, टोपणनावाने, जवळपास एकट्याने बनवलेला पत्त्यांचा गेम. नकाशा नाही, कथा नाही, नायक नाही. पोकरचे हात लावायचे आणि जोकरची पानं गोळा करून गुण मोजायचे नियमच वाकवत जायचं. बास, एवढंच. जानेवारी २०२५ पर्यंत याच्या पन्नास लाख प्रती खपल्या. मी स्वतः "एक डाव आणि झोपतो" म्हणून किती रात्री काढल्या ते आईला कळू नये एवढीच प्रार्थना :-)

'वेन्बा', २०२३. टोरोंटोत राहणारं एक तमिळ कुटुंब, आईची फाटलेली, डाग पडलेली पाककृतींची वही आणि हळूहळू तमिळ विसरत जाणारा मुलगा. तासा-दीड तासात संपतो. वहीतली जी ओळ पुसली गेली आहे ती ताडून स्वयंपाक करायचा, एवढाच खेळ. पण विचार करा, "पुसलेली ओळ ताडणं" हा नियम आणि "मुलगा भाषा विसरतोय" ही गोष्ट, दोन्ही एकच आहेत. वेगळं काही सांगावंच लागत नाही. २०२४ मध्ये याला पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

आणि चौथा, 'स्टारड्यू व्हॅली'. जुना आहे, २०१६ चा. एरिक बॅरोन नावाच्या एका माणसाने चार-साडेचार वर्षं एकट्याने बसून कोड, चित्रं, संगीत सगळं केलं. आजोबांनी ठेवलेलं शेत कसायचं, एवढीच कथा. याच्याकडे मी पुढे परत येणार आहे, कारण माझी सगळी गडबड याच गेमपासून सुरू झाली.

'नियम हीच गोष्ट' हे काही नवीन खूळ नाही बरं का. आपल्याकडे मोक्षपट होता. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. ज्याला आपण आता सापशिडी म्हणतो तो हाच खेळ. सद्गुणाच्या घरात शिडी, दुर्गुणाच्या घरात साप आणि शेवटी मोक्ष. बऱ्याच जुन्या पटांवर शिड्यांपेक्षा साप जास्त. म्हणजे पट बनवणाऱ्याला जे म्हणायचं होतं ते त्याने प्रवचनात न सांगता आकड्यांत सांगितलं: चढणं अवघड आहे, घसरणं सोपं. एकोणिसाव्या शतकात हा खेळ इंग्लंडला गेला, तिथे तो पोराटोरांचा झाला, आणि परत आला तेव्हा त्यातले साप हे फक्त साप उरले होते. एक चौकोनी कापड, फासे आणि एक मत. एवढ्या सामानात हे जमत असेल तर आपल्याला सोळा जीबी रॅममध्ये का जमू नये?

आता माझ्या गावाकडे वळतो, कारण दुसरी यादी पूर्ण तिथलीच आहे. मी वर्धा जिल्ह्यातला. आमच्याकडची पोरं बीजीएमआय खेळतात (आधी पबजी, २ सप्टेंबर २०२० ला त्यावर बंदी आली, पुढच्या वर्षी हा नवा अवतार). त्यातला इरांगेलचा नकाशा आठ किलोमीटर बाय आठ किलोमीटरचा आहे. चौसष्ट चौरस किलोमीटर. आमचं बोरचं व्याघ्र प्रकल्प, जे देशातल्या अगदी लहानांपैकी एक समजलं जातं, त्याचं नुसतं गाभा क्षेत्रसुद्धा १३८ चौरस किलोमीटरचं आहे. म्हणजे दुपटीहून मोठं. पण आर्वीच्या पोराला पोचिंकीतलं कोणतं घर कुठल्या खिडकीतून दिसतं ते तोंडपाठ आहे. पुलगावहून आर्वीला एके काळी रेल्वे जायची हे मात्र त्याला माहीत नसतं. यात पोरांचा काय दोष? पोचिंकीला कोणीतरी नियम दिला म्हणून ती लक्षात राहते. पुलगावला कोणी दिलाच नाही.

म्हणून आमच्या तीन कल्पना.

पहिली: पुलगाव-आर्वी. साधारण पस्तीस किलोमीटरची नॅरो गेज लाईन, ब्रिटिश काळात मुख्यतः कापसासाठी टाकलेली. गंमत अशी की स्वातंत्र्यानंतरही तिची मालकी एका खासगी कंपनीकडेच राहिली. अनेक वर्षांपासून ती बंद आहे. गेममध्ये तुम्ही स्टेशन मास्तर. एकच लाईन, एक म्हातारं इंजिन, फलाटावर गाठींचा ढीग आणि आठवड्याच्या बाजाराला निघालेली माणसं. दर फेरीला ठरवायचं: गाठी की माणसं? गाठी नेल्या तर कंपनी खूश आणि इंजिनाला कोळसा मिळतो. माणसं नेली तर गाव खूश पण दुरुस्तीला पैसा नाही. खेळणारा दोन तासांत स्वतःच ओळखेल की ही लाईन मुळात कोणासाठी टाकली होती.

दुसरी: सेगावचं टपाल. ही माझी लाडकी. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले. पण त्याच रेल्वेमार्गावर, बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव आहे. गजानन महाराजांचं. गांधीजींची पत्रं तिकडे जाऊ लागली. शेवटी १९४० मध्ये सेगावचं नाव बदलून सेवाग्राम केलं. आता बघा, एवढा सुंदर बग आणि एवढा सुंदर बग-फिक्स भारताच्या इतिहासात दुसरा असेल का? तुम्ही टपाल खात्यातले कारकून. समोर पोतं. पाकिटांवर इंग्रजी, गुजराती, हिंदी, तमिळ अक्षरं, कोणी 'सेगाव' लिहिलंय, कोणी 'शेगाव', कोणी नुसतं 'महात्मा, वर्धा'. पत्र फोडता येत नाही. तिकीट, शिक्का, हस्ताक्षर आणि वास यावरून ओळखायचं की हे आश्रमाचं की महाराजांच्या संस्थानाचं. लुकास पोपच्या 'पेपर्स, प्लीज' (२०१३) मध्ये सीमेवरच्या चौकीत बसून कागद तपासण्याचा गेम इतका थरारक होऊ शकतो, तर हा का नाही? आणि शेवट तयारच आहे. नाव बदलल्याचा हुकूम येतो आणि तुमचं कौशल्य एका दिवसात बिनकामाचं होतं. आयटीवाल्यांना हा शेवट वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

तिसरी कल्पना म्हणजे पऱ्हाटी. आणि इथे आमचं गाडं अडलंय.

वर म्हटलं तसं सुरुवात स्टारड्यूपासून झाली. दिवाळीत गावी होतो, लॅपटॉपवर खेळत होतो. चुलतभाऊ शेजारी बसून बघत होता. वय चोवीस, घरची कोरडवाहू शेती तोच बघतो, आणि बीजीएमआयमध्ये मला रोज मारतो. थोडा वेळ बघून म्हणाला, "दादा, ह्याले बियाण्याचे पैसे कोण देते?"

म्हटलं, पहिली पंधरा बियाणं सरपंच फुकट देतो. मग वीस रुपयांचं एक बी, चार दिवसांत पीक, पस्तीसला विक्री.

"विकायले कुठं नेते?"

घराबाहेर पेटी आहे, तिच्यात टाकायचं. सकाळी पैसे जमा.

"रातच्या रातीच चुकारा?" तो हसायलाच लागला. "हे काई शेती नाही दादा. हा त पगार होय."

मी त्या वाक्यावर बरेच दिवस अडकून बसलो होतो, कारण गेम डिझाइनची इतकी नेमकी समीक्षा मी कुठे वाचलेली नाही. स्टारड्यूमध्ये मेहनत केली की फळ मिळतंच. कावळे येतात, कधी वीज पडते, ऋतू बदलला की उभं पीक मरतं, पण भाव ठरलेला, गिऱ्हाईक ठरलेलं, आणि कर्ज हा शब्दच नाही. शहरात नोकरी करणाऱ्या माणसाला शेतीचं जे स्वप्न पडतं ते हेच. (आपल्यातले किती जण "रिटायर होऊन शेती करणार" म्हणतात? हात वर करा.) तो गेम वाईट नाही. तो गोड आहे. पण जगातल्या लाखो लोकांनी तो खेळून शेतीबद्दलचा जो नियम हातात घेतलाय, तो आमच्या जिल्ह्यात लागू होत नाही.

मग आमच्याकडचा नियम काय? आम्ही तिघांनी चुलतभावाला रात्री कॉलवर घेऊन वहीत मांडायला सुरुवात केली.

जून. बियाण्याची पाकिटं घ्यायची. २०२४ च्या हंगामात बीटी कापसाच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ८६४ रुपये ठरली होती. नगदी की कृषी केंद्रातून उधार? पहिला पाऊस पडला, लावायची की थांबायचं? लावली आणि पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणी, म्हणजे परत पाकिटं. थांबलो तर हंगाम मागे. मधल्या ओळीत तूर किती? मग डवरणी, निंदण, खत, फवारणी. पात्या, फुलं, बोंडं. बोंड वरून हिरवंगार दिसतं आणि आत गुलाबी बोंडअळी असते. २०१७ मध्ये विदर्भात तिने पिकंच्या पिकं खाल्ली, ज्या बियाण्याला बोंडअळी लागणार नाही असं म्हणून विकलं जात होतं त्याच बियाण्यावर. फवारणी वाढवावी तर त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. मग वेचणी. मजूर आज मिळाले तर आज, नाहीतर पावसात बोंडं भिजणार. आणि मग विक्री. २०२४-२५ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. पण सीसीआयच्या केंद्रावर ओलावा मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्याच्या वर बारा टक्क्यांपर्यंत कपात, बाराच्या वर गाडी परत. व्यापारी ओला पण घेतो, पण त्याच्या भावाने. घरात वाळवत ठेवावा तर जागा लागते आणि देणेकरी दारात उभा.

ठेवायचं की विकायचं हा तर डोक्याला शॉट लावणारा प्रश्न आहे. २०२१-२२ मध्ये कापूस दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात लोकांनी त्याच आशेने कापूस घरात भरून ठेवला आणि भाव खाली आला. सगळ्यांनी मागच्या डावावरून शिकून पुढचा डाव खेळला आणि सगळेच फसले. असा नियम बसून शोधून काढायचा म्हटला तर मोठमोठ्या स्टुडिओंना सुचणार नाही.

इथपर्यंत आम्ही तिघं भयंकर खूश होतो. एक स्क्रीन, पाच एकर, जून ते जानेवारी, आठवड्याला एक निर्णय. ८१० तासांत बसतंय. शून्य घोडे. मग मैत्रिणीने साधा प्रश्न विचारला: "गेम ओव्हर कशाने होतो?"

आणि कोणीच बोलेना.

कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांमुळे खास पॅकेज जाहीर केलं, त्यात वर्धा होता. आता अशा जिल्ह्याचा गेम बनवायचा आणि त्यात 'तुम्ही हरलात, पुन्हा खेळा' असं बटण ठेवायचं? पुण्या-मुंबईतला कोणीतरी मेट्रोत बसून ते बटण दाबणार आणि पुढचा शेतकरी सुरू करणार? नुसत्या कल्पनेनेच मला कसंतरी झालं.

एक मत असं पडलं की विषयच सोडून द्या, गंभीर गोष्टींचा खेळ करू नये. मला हे पटत नाही. पोलंडच्या ११ बिट स्टुडिओजने २०१४ मध्ये 'धिस वॉर ऑफ माईन' काढला. युद्धाचा गेम, पण बंदूकवाल्या सैनिकाचा नाही. वेढ्यात अडकलेल्या साध्या माणसांचा. साराएवोच्या वेढ्यावरून सुचलेला. २०२० मध्ये पोलंड सरकारने तो शाळांसाठी शिफारस केलेल्या यादीत घेतला. विषय गंभीर आहे म्हणून खेळ करायचा नाही हा नियम कादंबरीला नाही, नाटकाला नाही, सिनेमाला नाही. मग आमच्यावरच का?

दुसरं मत: आकडे थोडे सोपे करा, म्हणजे नीट खेळलं की जिंकता येईल. हे म्हणणं वरवर शहाणपणाचं वाटतं आणि खरा प्रश्न इथेच आहे. आम्ही वहीतले आकडे स्प्रेडशीटमध्ये टाकून वेगवेगळ्या चाली चालवून पाहिल्या. एखादं वर्ष चांगलं निघतं, पण दहा वर्षं ओळीने चालवली तर एकच चाल इतर सगळ्यांवर मात करते. चांगलं वर्ष आलं की शेतात पैसा न घालता पोराला इंजिनिअरिंगला पाठवायचं. गेम डिझाइनमध्ये याला डॉमिनंट स्ट्रॅटेजी म्हणतात, आणि अशी चाल सापडली तर गेम मोडका आहे असं समजतात. डिझायनर लगेच बसून आकडे दुरुस्त करतो.

आमच्या घरात ती चाल म्हणजे मी.

म्हणून आकडे गोड करायला माझा ठाम विरोध आहे. नीट खेळलं की जिंकता येतं असा गेम बनवला तर त्यातून निघणारा अर्थ काय होतो बघा. जो हरला तो नीट खेळला नाही. म्हणजे त्याला अक्कल नव्हती, त्याने लग्नावर खर्च केला, त्याने दारू प्यायली. शहरातल्या दिवाणखान्यात शेतकऱ्यांबद्दल हे इतक्या वेळा ऐकलंय की त्याला आणखी एक ॲप बनवून पुरावा द्यायची गरज नाही. नियम खोटा ठेवला तर मत आपोआप खोटं होतं, मग वरून कितीही करुण संगीत लावा. मोक्षपटवाल्याने साप कमी केले नाहीत, आम्ही का करू?

गेम ओव्हरबद्दल चुलतभावानेच तोडगा दिला. तो म्हणाला, "मरन नको ठेवू दादा त्याच्यात. मरते तो एखादा. बाकीचे जूनमधी परत पेरतेच ना." खरं आहे. आपण बातमीत फक्त एक शेवट वाचतो. आमच्याकडे बहुतेक घरांत शेवट होतच नाही, उलंगवाडी होते. शेवटची वेचणी झाली, पऱ्हाटी उपटली, वहीत हिशेब झाला, आणि परत जून. म्हणून गेममध्ये हरणं नाही आणि जिंकणंही नाही. हंगाम संपला की हिशेबाचं पान येतं: किती पिकलं, किती देणं उरलं, घरात काय घेतलं, काय राहून गेलं. त्या पानाखाली एकच प्रश्न: पुन्हा पेरायचं? हो म्हटलं तर मागचं देणं पुढच्या जूनमध्ये तुमच्याबरोबर येतं. गेम कधी थांबवायचा ते खेळणाऱ्याने ठरवायचं, आणि थांबवलं तरी शेवटच्या पानावर लिहिलेलं असेल की ते शेत आता कोण मक्त्याने करतोय.

हे कोण खेळणार? माहीत नाही. कंटाळवाणा होईल का? शक्य आहे, आणि तसं झालं तर तो आमच्या डिझाइनचा दोष, विषयाचा नाही. भाव वाढायची वाट बघत कापसाच्या ढिगाशेजारी झोपण्यात जो ताण आहे तो बलाट्रोच्या शेवटच्या हातापेक्षा कमी नाही. तो पडद्यावर आणता आला पाहिजे. माझ्या मते महत्त्वाकांक्षा म्हणतात ती हीच. चारशे किल्ले बांधणं हे बजेटचं काम आहे, ते ज्याच्याकडे बजेट आहे त्याने जरूर करावं आणि मी पहिल्या दिवशी विकत घेईन. ज्यांच्याकडे फक्त शनिवार-रविवार आहे त्यांनी आपल्या गावचा एक खरा नियम पकडावा. तुमच्याकडे कापूस नसेल, ऊस असेल, मासेमारी असेल, एसटीचा डेपो असेल, लोकलचा चौथी सीटचा अलिखित कायदा असेल. प्रत्येक ठिकाणी कुठला ना कुठला साप आणि कुठली ना कुठली शिडी आहेच.

तर ठरलंय ते असं. रेल्वे आणि टपाल फळ्यावर राहतील. पऱ्हाटीचा एक हंगाम, पाच एकर, मराठीत, आणि बोलणी आमच्या बोलीत. पहिला टेस्टर चुलतभाऊ. फुकट टेस्टिंगच्या बदल्यात त्याने एकच बदल सुचवलाय आणि तो आम्ही तातडीने मंजूर केलाय: कापूस विकल्यावर पैसे सकाळी जमा होता कामा नयेत. बटण दाबलं की व्यापाऱ्याने म्हणायचं, "सोमवारी या ना भाऊ." आणि सोमवारी गेलं की परत तेच.